मरियमभाभींचं हाड

पूर्णगडला मरियमभाभींच्या घरात मासे कापायची जागा मागल्या दारी, शेवग्याखाली. तिथे एक विळी, एक पसरट घमेलं, राखेचा पत्र्याचा डबा आणि बसायला हाड. घरात सगळे त्याला नुसतं हाडच म्हणत. नव्या माणसाला वाटे, उखळ उपडं घातलंय. मग भाभी त्यावरून उठून दाखवत आणि म्हणत, "देवमाशाचा हाय. पाठीतला. बस, चावत नाय."

देवमाशाच्या मणक्याला बाजूंनी पंख्यासारखे फाटे असतात. ते कोणीतरी फार पूर्वी करवतीने कापून टाकले होते. उरला होता तो गोल ठोकळा, पाटापेक्षा उंच आणि स्टुलापेक्षा ठेंगणा, वरून किंचित खोलगट. बसून बसून तो इतका गुळगुळीत झाला होता की ऊन पडलं की जुन्या पितळेसारखा चमके. पावसाळ्यात त्याला तेलकट घाम येई. भाभी तो जुन्या बनियनने पुसून काढत आणि पुन्हा बसत. एकदा बसल्या की टोपलीभर बांगडे कधी संपले ते मांजरांनाही कळत नसे. गुडघे फार दुमडावे लागत नसत, पाठ वाकवावी लागत नसे, विळीचं पातं बरोबर हाताशी येई. साठीला आलेल्या आणि दोन्ही गुडघ्यांशी बोलणं सोडलेल्या बाईला यापेक्षा जास्त काही नको असतं.

हाड जयगडहून आलं होतं. भाभींचे वडील उस्मान गलबतांच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस आणि राळ ठोकून भरण्याचं काम करत. गलबताच्या पोटाखाली बसायला ठेंगणी बैठक लागे, आणि उस्मानच्या वडिलांना हे हाड कधीतरी किनाऱ्यावर सापडलेलं. मरियम त्याच्यावर बसूनच मासे कापायला शिकली. लग्न ठरलं तेव्हा जहेजात काय हवं असं बापाने विचारलं, तर पोरीने हाड मागितलं. पलंग, ट्रंक, भांडी आणि हाड असं सगळं एस.टी.च्या टपावरून पूर्णगडला आलं. सासरच्यांनी पलंगाला नावं ठेवली, भांड्यांना नावं ठेवली. हाडाला काय नाव ठेवायचं ते कोणाला सुचलं नाही.

नवरा अकबर होडेकर बहारीनला टगबोटीवर होता. वर्षातून एकदा घरी. घर बांधायचं, विहीर खणायची, मुलाला, झैनला, कुठल्या शाळेत घालायचं, पुढे सून कुठली आणायची, सगळं भाभी ठरवत आणि ठरवून झाल्यावर फोनवर विचारत, "कसा करू या?" अकबरभाई म्हणत, "तू म्हनतंस तसा." चांगला संसार चालला होता. मग ते निवृत्त होऊन घरी आले आणि रोज काहीतरी ठरवू लागले. आधी त्यांनी पाण्याच्या माठाची जागा हलवली. मग कोंबड्यांना दाणे टाकायची वेळ बदलली. भाभींनी चालू दिलं. बोटीवरून उतरलेल्या माणसाला काही दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, असं त्या सुनेला, इकराला, समजावून सांगत. झैन दोह्याला आणि इकरा पावसच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे दिवसभर घरात ही दोघंच.

गेल्या मार्चात भाभी भाचीच्या लग्नाला जयगडला गेल्या आणि त्याच आठवड्यात पूर्णगडला शुभंकर आला.

रत्नागिरीत भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याला एका ट्रस्टचं लहानसं वस्तुसंग्रहालय आहे. पेंढा भरलेलं उदमांजर, बरण्यांतले समुद्रसाप, शंखशिंपल्यांची कपाटं, सड्यावरच्या कातळशिल्पांचे मोठे फोटो, एक गलबताची प्रतिकृती. शुभंकर तिथला अभिरक्षक. कोल्हापूरकडचा, तिशीतला, प्राणिशास्त्र शिकलेला, आणि म्हाताऱ्या माणसांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची वाईट सवय असलेला. तो आला होता जुनी जाळी बघायला. अकबरभाईंनी त्याला चहाला बोलावलं. हात धुवायला तो मागल्या दारी गेला आणि हाडासमोर गुडघ्यावर बसला.

"अंकल, हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे?"

आपल्याला काही माहीत आहे का, असं अकबरभाईंना बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. "माज्या आजोबांचा हाय," ते म्हणाले. आणि एकदा एवढं बोलल्यावर त्यांना थांबता येईना. आजोबा हैदर नाखवा, आडनावच होडेकर. भरतीची वेळ. देवमाशाने होडीला दिलेली धडक. आजोबांचा भाला. शुभंकरने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. मग त्याने सांगितलं की असं हाड घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. संग्रहालयाला दिलंत तर आम्ही वनखात्याकडे रीतसर नोंद करू आणि पाटीवर तुमचं नाव लागेल. जेल आणि पाटी दोन्ही एकदम समोर आल्यावर अकबरभाईंनी वेळ घालवला नाही. हाड त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं.

आता खरं सांगायचं तर हैदर होडेकर शिंपी होते. पूर्णगडात लेंगे आणि सदरे शिवत. खाडी ओलांडायच्या तरीत बसले तरी त्यांना उलटी होई, म्हणून स्वतःच्या लग्नालासुद्धा ते लांबच्या वाटेने चालत गेलेले. हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण तिकीट काढून हाडं बघायला पूर्णगडचं कोण जातंय, असा अकबरभाईंचा अंदाज होता.

भाभी परत आल्या त्या दिवशी जेट्टीवरून ताजे बांगडे आले होते. ओढणी मागे बांधून त्या मागल्या दारी गेल्या. शेवग्याखाली जमिनीवर एक गोल, फिकट डाग होता.

"माजा हाड कुठाय?"

"मुझियममधी," अकबरभाई आतून म्हणाले. "पेपरात फोटो आलाय. दाखवू?"

"कोनाचा?"

"हाडाचा. आनि माजा."

"कोनाला इचारून दिलात?"

"इचारायचा काय त्यात? घरात ठेवला तर जेल हाय. तुला जेलमधी बसवू?"

"जेलमधी बसायला तरी देतील. हितं कशावर बसू?"

अकबरभाईंनी प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. ते ओल्या जमिनीवर सरकलं आणि भाभींबरोबर बांगडेही मांजरांच्या दिशेने गेले. पाटावर त्या बसल्या खऱ्या, पण उठवायला इकरा शाळेतून येईपर्यंत थांबावं लागलं. खुर्चीवर बसलं तर हात विळीपर्यंत पोचेना. तेव्हा भाभींनी हात धुतले.

"तुमी दिलात, तुमी कापा. नायतर हाड आना."

"इकरा कापील."

इकरा दारात उभी राहून ऐकत होती. "कापते की, अब्बा," ती म्हणाली. "अम्मी म्हणते मी कापलं की मासा मांजराला नि काटे आपल्याला, पण कापते."

बाजारातल्या बायका कापून देतात, पण तो रस्ता अकबरभाईंनी स्वतःच बंद केलेला. बाहेर कापलेल्या मासळीला पाणी लागतं, चव निघून जाते, आमच्या घरात ते चालत नाही, असं ते निवृत्त झाल्यापासून अख्ख्या जेट्टीला सांगत आले होते. त्यामुळे होडेकरांकडे डाळ सुरू झाली. मग अंडी. मग पुन्हा डाळ. समुद्र समोर दिसत होता आणि अकबरभाई भेंडी खात होते.

भाभींनाही भेंडी आवडत नाही. एका गुरुवारी त्यांनी बुरखा घातला, एस.टी. धरली आणि संग्रहालय गाठलं.

तिकिटाच्या खिडकीत दर्शना होती. लांज्याची मुलगी, तिकीट तीच फाडी, दालनात लक्षही तीच ठेवी. भाभी उदमांजराकडे न बघता, सापांकडे न बघता सरळ आतल्या खोलीत गेल्या. हाड तिथे वीतभर उंच लाकडी चौथऱ्यावर, काळ्या मखमलीवर ठेवलं होतं. वरून दिवा सोडला होता. भोवती लाल दोरी. भाभींनी दोरीचा आकडा काढला, बाजूला ठेवला, आणि बसल्या. चौथऱ्यामुळे थोडं उंच वाटलं, पण गुडघ्यांनी ओळख दिली.

दर्शना धावत आली. "मावशी, उठा. वस्तूला हात लावायचा नाही."

"हात कुठं लावलाय?"

दर्शनाने शुभंकरला बोलावलं. तो येईपर्यंत भाभींनी पाटी वाचली. त्या जयगडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. देवमाशाच्या कमरेचा मणका. देणगी : अकबर होडेकर, पूर्णगड. त्यांचे आजोबा, धाडसी दर्यावर्दी हैदर नाखवा. इथे त्यांना खोकला आला. खाली आणखी एक ओळ होती : 'दीर्घकालीन वापरामुळे पृष्ठभागाला आलेली झळाळी लक्षणीय आहे.'

ती ओळ भाभींनी दोनदा वाचली. आयुष्यात त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. लिहिलं ते नेमकं कशाबद्दल, हे लक्षात आल्यावर त्यांना बुरख्याच्या आत हसू फुटलं.

"काकी, तुम्ही कोण?" शुभंकरने विचारलं.

"ही झळाळी कोनी आनली, ती मी."

शुभंकरला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. भाभी म्हणाल्या की त्यांना हाड परत हवंय. तो म्हणाला, ते आता शक्य नाही, वनखात्याकडे नोंद झाली आहे, घरी दिलं तर तुम्हीही अडचणीत याल आणि मीही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, "काकी, याला पावसाळ्यात ओल येते का हो?"

"घाम येता. तेलाचा."

"देवमाशाच्या हाडात तेल असतं. तो मेल्यावर कित्येक वर्षं ते झिरपत राहतं."

"आमच्याकडं बायकांचा राग तसाच असता," भाभी म्हणाल्या.

खरं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. माझं माहेर जयगड, हे माझ्या जहेजातलं. पण तेवढ्यात शुभंकरने विचारलं, "हैदर नाखवांबद्दल तुम्हाला आणखी काही माहिती आहे? अंकलनी सांगितलं ते थोडंच आहे."

भाभींनी पाटीकडे पाहिलं, धाडसी या शब्दाकडे पाहिलं. "लय," त्या म्हणाल्या.

त्याच वेळी एका शाळेची सहल आत शिरली. पोरं मणक्यावर बसलेली बाई बघून गप्प झाली. त्यांना वाटलं, हीसुद्धा मांडलेली आहे. भाभींनी सुरुवात केली.

"हैदर नाखवा म्हंजे लय मोठा मानूस. होडीत एक वस्तू कायम बरोबर ठेवायचा. काय, सांगा बघू?"

"भाला," पोरं म्हणाली. पाटीवर तसं होतंच.

"सुईदोरा," भाभी म्हणाल्या.

मग देवमासा आला. त्याची पाठ कुठल्यातरी जहाजाच्या पंख्याने फाडलेली. तो म्हणाला, नाखवा, वाट सोड. नाखवा म्हणाले, आधी माप घेऊ दे. त्यांनी शेपटीपासून तोंडापर्यंत माप घेतलं, गळ्याला किती, कमरेला किती. मग बसून पाठ शिवून दिली, आतून एक टीप आणि वरून एक. देवमाशाला इतकं बरं वाटलं की तो म्हणाला, नाखवा, माझ्या होडीवर, म्हणजे पाठीवर बसा, तुम्हाला घरी सोडतो. नाखवा बसले. आणि निम्म्या वाटेवर देवमाशाला उलटी झाली.

"देवमाशाला?" एका मुलीने विचारलं.

"कोनाला तरी झाली," भाभी म्हणाल्या. "दर्यात लाटा लय व्हत्या."

पोरं जाईनात. शाळेच्या बाई ओढून न्यायला लागल्या तरी जाईनात. शुभंकर दारात फोन धरून उभा होता. प्राणिशास्त्रज्ञ म्हणून त्याला यातलं बरंच पटलं नव्हतं, पण संग्रहालयात कोणी हसल्याचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. ही मौखिक परंपरा आहे, असं त्याने दर्शनाला समजावलं. दर्शना म्हणाली, "सर, मला तर ती काकींची परंपरा वाटते."

त्या दिवसापासून दर गुरुवारी भाभी संग्रहालयात जाऊ लागल्या. गोष्ट सांगताना वस्तूचा पारंपरिक वापर दाखवणं गरजेचं आहे, असं कारण काढून शुभंकरने त्यांना हाडावर बसायची परवानगी दिली. अधूनमधून वस्तू तपासायला येणाऱ्या मुंबईच्या तज्ज्ञांना हे सांगायचं नाही, एवढी अट होती. गोष्ट दर वेळी पुढे जाई. हैदर नाखवांनी शार्कच्या मापाची बंडी शिवली. ती घट्ट झाली म्हणून शार्क परत आला आणि उसवून घेऊन गेला. एका गुरुवारी त्यांनी एका आठ हातांच्या ऑक्टोपसला इतक्या बाह्या लावून दिल्या की त्याला हात घालायला सकाळची दुपार झाली. शुभंकरने त्यातली एक गोष्ट कापून संग्रहालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकली. खाली लिहिलं : पूर्णगडच्या हैदर नाखवांची दंतकथा.

ती पूर्णगडला पोचायला वेळ लागला नाही. पूर्णगडला सगळ्यांकडे फोन आहेत आणि दुपारी जेट्टीवर काम नसतं.

अकबरभाई चहाला गेले तर तांडेल दादू म्हणाला, "नाखवा, जाळा फाटलाय. सुईदोरा आनलाव काय?" मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना जवळ बोलावलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "अकबर, तुज्या आजोबांनी माज्या बापाचा लेंगा शिवलेला. ईदच्या नमाजात वाकला नि उसवला. देवमाशाचा टाका कसा काय टिकला?" दुसरा म्हणाला, "देवमाशाने ट्रायल दिली आसंल." एरवी लवकर घरी न येणारे अकबरभाई त्या दिवशी लवकर घरी आले.

"गो मरियम, बस झाला आता."

भाभी भेंडी चिरत होत्या. भेंडी खुर्चीवर बसूनही चिरता येते. "काय बस झाला?"

"गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नाय. तू त्याला खरा का नाय सांगत?"

"खोटा तुमचा हाय. तुमी सांगा. मी नुसता वाढवलाय."

"आजोबांची इज्जत काढलीस."

"त्यांची तुमी काढलात. आयुष्यभर इमानात लेंगे शिवले त्या मानसानं, तुमी त्याला भाला दिलात. मी निदान सुई तरी परत दिली."

इकरा आतून खोकली. हसू दाबताना तिला तसाच खोकला येई. अकबरभाई उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "टगवर मानसाला काय गो नाव असता? एवडी एवडी जहाजा वडून धक्क्याला लावली. फोटो जहाजाचा काडतात. त्या पोरानं इचारला तवा वाटला, एकदा आपला पन काय तरी आसूदे."

भाभींची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. "गुरवारी चला माज्याबरबर," त्या म्हणाल्या.

गुरुवारी अकबरभाईंनी ठेवणीतला सफारी घातला. एस.टी.त ते पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होते. संग्रहालयात पाटीसमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि शुभंकरला सांगितलं की आजोबांचं जे सांगितलं ते तसं नव्हतं.

"म्हणजे भाला?" शुभंकरने विचारलं.

"भाला नव्हता."

"होडी?"

"होडी व्हती. दुसऱ्याची व्हती. ते तिच्यात बसले नाय."

"आणि देवमासा?"

"देवमासा खराच हाय," अकबरभाई म्हणाले. "तो तुमच्याकडंच हाय."

शुभंकर बाकावर बसला. दर्शनाने त्याला पाणी आणून दिलं. त्याची त्या विषयावरची टिपणं, पान, दंतकथा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात होतं. मग भाभींनी खरं सांगितलं. जयगड, उस्मान, गलबतांच्या फटी, एस.टी.चा टप. "जहेजातला हाय. आमच्यात बायकोचा जहेज तिचाच ऱ्हाता. नवऱ्याला ता कोनाला देता येत नाय."

"म्हणजे ही देणगीच झालेली नाही," शुभंकर हळूच म्हणाला.

"नाय झाली."

शुभंकरने बराच विचार केला. हाड घरी पाठवता येत नव्हतं आणि ज्याने दिलं त्याचं ते नव्हतं. शेवटी तो उठून भाभींसमोर उभा राहिला. "मरियमकाकी, मग मी तुम्हाला विचारतो. हे तुम्ही संग्रहालयाला द्याल का?"

 भाभी दालनात एक फेरी मारून आल्या. उदमांजर त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. समुद्रसापांच्या बरण्या बघितल्या. गलबताच्या प्रतिकृतीपाशी वाकून फळ्यांच्या फटी तपासल्या. मागे अकबरभाई टोपी हातात घेऊन उभे होते आणि शुभंकर नखं खात होता. कोणीतरी आपल्या हो-नाहीसाठी थांबलंय, हे भाभींना इतकं आवडलं की त्यांनी आणखी एक फेरी मारली.

"देतंय," त्या म्हणाल्या. "पाटीवर माज्या बापाचा नाव. माजा पन. गुरवारी मी बसनार. आनि ती झळाळीची ओळ काडायची नाय."

"मुळीच नाही काढणार."

"आनि ह्यांना टगचा इचारा. खरा पन बोलता येता त्यांना."

शुभंकरने फोन काढला. अकबरभाई आधी अडखळले. मग वादळात तुटलेल्या दोराची गोष्ट सुरू झाली, तेलाचं मोठं जहाज, आडवा वारा, आणि ते खडकावर जाऊ नये म्हणून रात्रभर त्याला नाक लावून उभी राहिलेली छोटी टगबोट. मध्येच वाढवायला जागा दिसली की ते भाभींकडे बघत आणि गुपचूप पुढे जात. दर्शना तिकीट खिडकी सोडून ऐकायला आली होती.

परतताना अकबरभाई खुशीत होते. पावसच्या आसपास त्यांनी विषय काढला. "आता तूच दिलास. म्हंजे झाला ना?"

"हाडाचा झाला," भाभी म्हणाल्या. "कापायचा तुमच्याकडंच."

"का पन?"

"मला इचारून दिलात काय पयल्यांदा? नाय. मग जोवर मला बरोबर बैठक मिळत नाय तोवर तुमी."

दुसऱ्या दिवशी जेट्टीवरून बांगडे आले. अकबरभाई पाटावर बसले. पहिल्या बांगड्याचं डोकं गेलं त्याबरोबर निम्मं अंगही गेलं. मांजरं एकमेकांकडे बघू लागली. असा दिवस त्यांनी पाहिला नव्हता. भाभी पडवीत खुर्ची टाकून बसल्या. "राख लावा हाताला. कल्ले आधी. पोट शेपटीकडून नको, गळ्याकडून." मासे रश्शात गेल्यावर ओळखू येत नव्हते, पण सगळ्यांनी तीनदा भात घेतला. भेंडीनंतर माणूस फार बघत नाही.

अकबरभाईंनी मग डोकं चालवलं. चिऱ्याच्या खाणीवरचा सखाराम त्यांच्या ओळखीचा. त्याला संग्रहालयात नेऊन हाडाची उंची दाखवली. सखारामने जांभ्याचा एक चिरा घेतला, तासून गोल केला, वरून खोलगट केला आणि सिमेंट घोटून गुळगुळीत केला. दोघांनी तो शेवग्याखाली ठेवला. अकबरभाईंनी हात पुसले आणि भाभींना बोलावलं.

भाभी बसल्या. "टोचता," त्या म्हणाल्या.

सखारामने आणखी घोटलं.

"आता गार लागता."

अकबरभाईंनी गोणपाट दुमडून घातलं.

"आता उंच झाला."

गोणपाट काढलं, पातळ चटई घातली. भाभींनी बसून, हलून, पुन्हा बसून बघितलं आणि मान हलवली. सखाराम म्हणाला, "भाभी, हाडाचा दगुड होईल, दगडाचा हाड कसा व्हनार?" आणि त्याने अवजारं उचलली. तेव्हा त्या चिऱ्यावर अकबरभाईच बसू लागले. त्यांच्या गुडघ्यांनाही तो बरा पडे. हळूहळू बांगडे बांगड्यांसारखे दिसू लागले. सौंदाळ्याचे खवले कसे काढायचे यावर ते जेट्टीवर मत देऊ लागले. दादूने एकदा टोमणा मारला, तर म्हणाले, "आधी राख लाव हाताला, मग बोल."

एका शुक्रवारी ते जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. इकराला शाळेला सुट्टी होती. ती कपडे वाळत घालायला मागल्या दारी आली, तर भाभी चिऱ्यावर बसलेल्या. चटई बाजूला, नुसता दगड. पाय सैल सोडलेले, पाठ सरळ, हात विळीच्या पात्यावर अगदी अलगद. चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान.

"अम्मी," इकरा म्हणाली, "बरोबर बसतंय की."

"एकदम बरोबर," भाभी म्हणाल्या. "हाडापेक्षा बरा. ह्याला घाम पन येत नाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

पुढच्या बाजूला फाटक वाजलं. भाभी उठल्या. दगडावर अडकलेला ओढणीचा धागा झटकला, चटई जागेवर सरकवली आणि पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. अकबरभाई पिशवी घेऊन मागल्या दारी आले. पिशवीतून सौंदाळ्यांच्या शेपट्या डोकावत होत्या.

"चटई बदलून बघू काय गो? जाड मिळते रत्नागिरीला."

भाभींनी चिऱ्याकडे बघितलं. मान एका बाजूला झुकवली, मग दुसऱ्या. "कललाय थोडा," त्या म्हणाल्या. "तुमाला नाय जानवायचा."

अकबरभाईंनी मान डोलावली, बाह्या मागे सारल्या, आणि बसले. इकराने ओला टॉवेल तोंडासमोर धरून तो दोरीवर फार वेळ नीट केला.

"खवले शेपटीकडून," भाभी म्हणाल्या. "आनि सावकाश. मला काय घाई नाय."